भेरली माडाचा वरून खाली येणारा फुलोरा

भेरली माडाच्या शेंड्याशी पहिली पोय, म्हणजे फुलोरा, उकलली, की झाडाचं आयुष्य उतरणीला लागलं. नारळ-सुपारी वर्षानुवर्षं पानं आणि फुलं बरोबरीने काढत राहतात. भेरली माड मात्र साधारण १० ते १५ वर्षं नुसती पानं काढतो आणि खोडात पिष्ट साठवतो. उंची पुरी झाली की नवं पान थांबतं. मग पहिला घोस सगळ्यात वर, दुसरा त्याच्या खालच्या पेरावर, तिसरा आणखी खाली. साठवलेलं पिष्ट साखर होऊन या घोसांकडे वाहतं. माडी काढणारे पोयीच्या दांड्याला छेद देऊन तोच रस वाटेत धरतात. सर्वांत खालच्या घोसाची फळं पिकली की झाड मरतं. मधे काही वर्षं हाताशी असतात, म्हणून वरचा घोस दिसताच चार मीटर अंतर सोडून पुढचं रोप लावून टाकावं.

घोस घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो, कधी तीन मीटर लांब. त्याची एक लड हातात घेऊन पाहा. फुलं तिघांच्या गटात बसलेली असतात, दोन नर आणि मधे एक मादी. नरफुलं आधी उमलतात, मधमाश्या तुटून पडतात, आणि झाडाखाली सडा पडतो. मादीफुलं त्यानंतर उमलतात, त्यामुळे एका घोसाचे पराग त्याच घोसाच्या सहसा कामी येत नाहीत.

पानही असंच निरखण्याजोगं. माडांमध्ये दोनदा विभागलेलं पान फक्त याच्या कुळीत दिसतं, आणि प्रत्येक पर्णिका माशाच्या शेपटीसारखी फाटकी. पर्णिका जिथे दांड्याला जुळते तिथे तिची घडी पन्हळीसारखी वर उघडी असते. नारळाच्या पातीची घडी उलटी, कौलासारखी.

वाढ नीट आहे का, हे पोग्यावरून, म्हणजे शेंड्याच्या मिटलेल्या नव्या पानावरून, कळतं. पोगा आणि शेजारच्या पानाचा देठ यांवर मार्करने एका पातळीत आडवी रेघ ओढावी. वाढीच्या दिवसांत आठवड्या-दोन आठवड्यांत पोग्यावरची रेघ वर सरकलेली दिसते. सरकली नाही तर पोगा हलकेच ओढून बघावा. घाण वास येऊन तो हातात आला, तर कोंब कुजला आहे. माडाला वाढीचा कोंब एकच. तो पूर्ण गेला तर बगलेतून दुसरा फुटत नाही. म्हणून शेंडा कधीही छाटू नये. पावसाळ्याआधी शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) घालणं हा खरा उपाय: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी.

जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय. अशी पानं हिरवी असेपर्यंत कापू नका. झाड त्यांतलंच पालाश काढून नव्या पानाला देत असतं. ती कापली की कमतरता वरच्या पानांत सरकते. नेमकी हीच चूक हौशी बागांत सर्वाधिक होते. नवी पानंच फिकट निघत असतील तर आधी खतापेक्षा बुंधा तपासा: खोल लावलेलं किंवा पाणी साचणारं झाड मुळांना हवा नसल्याने लोह घेऊ शकत नाही.

बी धरायचं तर हातमोजे घालूनच. लिनियसने १७५३ मध्ये याला ‘कॅरिओटा युरेन्स’ म्हटलं, युरेन्स म्हणजे जाळणारा. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या त्वचेत रुतून आग होते. उदमांजरं मात्र ही फळं आवडीने खातात. लाल झालेली फळं तीन दिवस पाण्यात ठेवून, चोळून गर काढावा आणि बी लगेच पेरावं. वाळलं की उगवण घटते. माती, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत समभाग. कोंब आधी खाली जातो आणि मग वर येतो, म्हणून पिशवी किमान ३० सेंटीमीटर खोल हवी. उगवायला काही महिने लागतात, तोवर उकरून पाहू नये.

मेलेलं झाड उभं ठेवू नका. खोडाचं कवच कठीण असतं, पण आतला गर मऊ आणि पिष्टाने भरलेला. गर आधी कुजतो, खोड बाहेरून धडधाकट दिसत राहतं आणि वादळी पावसात मोडतं. मृगाआधी शेंड्याकडून तुकडे करत ते खाली उतरवावं.