वादळाच्या नावामागचे तेरा देश

सोलापूरला पाऊस उशिरा भेटतो. सह्याद्रीपाशी रिते झालेले ढग जून-जुलैत डोक्यावरून नुसते सरकत जातात. वर्षभरात पडणाऱ्या साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरमधला मोठा वाटा सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो, आणि तो पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्राबरोबर आंध्र-तेलंगणावरून चालत येतो. रब्बीची ज्वारी याच ओलीवर पेरली जाते. त्यामुळे कोकणचा किनारा त्या मानाने जवळ असूनही येथील घरांचे लक्ष लागलेले असते ते दूरच्या, पूर्वेकडच्या समुद्राकडे.

२०२१ च्या सप्टेंबरअखेरीस अशाच एका झडीच्या दिवशी मी पूर्व भागातील एका शेजारघरी बसलो होतो. घरातल्या दादी उंबऱ्याच्या आत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. झड लागली की या कामाचा सगळा क्रम बदलतो. तंबाखूला ओल धरू नये म्हणून ती कागदात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवावी लागते आणि वळलेल्या विड्या मंद आचेवर शेकाव्या लागतात, कारण सर्दावलेली विडी कारखान्यात जमा करताना बाजूला काढली जाते आणि तेवढी मजुरी बुडते. सून पानावर फर्मा ठेवून कात्रीने पाने कापत होती. करोनामुळे शाळा अजून बंद असल्याने नातू घरीच होता, आणि त्याच्यासाठी तव्यावर शेंगा भाजल्या जात होत्या. टीव्हीवर ‘गुलाब’ चक्रीवादळाची बातमी चालू होती. वादळाचे नाव गुलाब कसे आणि ते ठेवले कुणी, असे त्याने विचारले. “सरकारने ठेवले असेल,” असे दादी मान वर न करता म्हणाल्या. ते नाव पाकिस्तानने सुचवलेले आहे हे मी सांगितले, तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

मुस्लिम देशांचा जागतिक सहकार्यातील वाटा हा विषय आपल्याकडे बहुधा तेल, युद्ध आणि परिषदांमधील ठराव यांच्यापुरताच बोलला जातो. आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसाशी त्याचा थेट संबंध आहे, आणि तो इतिहास त्या नातवाच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

या इतिहासाची मुळे भाषेतच सापडतात. आपण मोसमी पाऊस म्हणतो तो ‘मोसम’ अरबी ‘मौसिम’वरून आलेला आहे, आणि ‘तुफान’ हा शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आला. अरबी समुद्रावरचे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, या एका गोष्टीवर ओमान, येमेन, इराण, गुजरात आणि कोकण यांच्यातील सारा जुना व्यापार उभा होता. पंधराव्या शतकात जुल्फार येथे, म्हणजे आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमा भागात जन्मलेला अहमद इब्न माजिद हा नाविक कोणत्या वाऱ्यावर कुठून निघावे आणि कधी बंदर सोडू नये याचे ज्ञान लिहून ठेवत होता. १५५४ मध्ये उस्मानी आरमाराचा प्रमुख सैदी अली रईस याची गलबते अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि फरफटत गुजरातच्या किनाऱ्याला लागली. त्या वादळाचा उल्लेख त्याने ‘हत्तीचे तुफान’ असा केला आहे. मोडक्या आरमारासह अडकून पडलेल्या या माणसाने अहमदाबादेत बसून अरब नाविकांच्या लिखाणाच्या आधारे हिंदी महासागरातील नौकानयनावर ‘मुहीत’ हा ग्रंथ सिद्ध केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोलापूरच्या भुईकोटावर ज्यांची सत्ता होती त्या आदिलशाहीचे घोडेही याच वाऱ्यांवर आखातातून दाभोळसारख्या बंदरांत उतरत, त्यामुळे कोरड्या पठारावरचे हे शहर या समुद्रापासून वाटते तितके तुटलेले कधीच नव्हते.

आधुनिक काळात हे ज्ञान सरकारी खात्यांकडे गेले. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, त्यापाठोपाठ दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. फाळणीनंतर एकाच उपसागराच्या काठावर वेगवेगळी खाती उभी राहिली. वादळाला मात्र सीमा ठाऊक नव्हती.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. भरतीच्या वेळी उसळलेल्या लाटांनी गंगेच्या मुखाजवळची सखल बेटे धुऊन नेली आणि मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांपर्यंत जातो. इतक्या माणसांना वेळेत सावध करता आले नाही, या वेदनेतून पुढचे सगळे घडले. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने त्याच वर्षी जागतिक हवामान संघटनेला चक्रीवादळांविषयी काम हाती घेण्यास सांगितले, आणि १९७२ मध्ये ही संघटना व आशिया-पॅसिफिक आर्थिक व सामाजिक आयोग यांनी मिळून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी चक्रीवादळ पॅनेल स्थापन केले. भारत आणि पाकिस्तान तेव्हा युद्धातून नुकतेच बाहेर पडले होते, आणि बांगलादेशाचा जन्म त्याच युद्धातून झाला होता. तरीही पुढे हे तीनही देश या पॅनेलमध्ये एकत्र बसू लागले. अंदाज आणि इशारे देणारे प्रादेशिक केंद्र दिल्लीत भारतीय हवामान खात्याकडे आले, आणि पॅनेलचे सचिवालय काही वर्षे इस्लामाबादेत होते. एरवी ज्या दोन राजधान्यांमध्ये पत्रव्यवहारही अवघडतो, त्यांच्यात वाऱ्याचा वेग आणि समुद्राची उंची यांची माहिती मात्र जात-येत राहिली.

बांगलादेशाने या इतिहासातून घेतलेला धडा सर्वांत मोठा आहे. १९७२ मध्येच तेथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला, आणि गावोगावचे स्वयंसेवक ध्वनिक्षेपक व निशाणे घेऊन घराघरांत इशारा पोहोचवू लागले. १९९१ च्या एप्रिलमधील वादळाने सुमारे १ लाख ३८ हजार बळी घेतले, तेव्हा निवारे पुरेसे नाहीत हे उघड झाले आणि ते मोठ्या संख्येने बांधले गेले. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात सुमारे ३,४०० माणसे दगावली. २०२० च्या ‘अम्फान’च्या वेळी चोवीस लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या पुष्कळ आत राहिली. आज त्या कार्यक्रमात ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. गरीब, दाट वस्तीच्या, मुस्लिमबहुल देशाने उभे केलेले हे काम इतर देशांचे अधिकारी जाऊन पाहतात आणि त्याचा अभ्यास करतात, ही गोष्ट आपल्या बातम्यांत फार क्वचित येते.

नावांची पद्धत बरीच नंतर आली. २००० मध्ये ओमानच्या मस्कतमध्ये भरलेल्या बैठकीत वादळांना नावे द्यायचे तत्त्वतः ठरले, कारण क्रमांक आणि अक्षांश-रेखांश मच्छीमाराच्या लक्षात राहत नाहीत, नाव राहते. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे दिली आणि २००४ मध्ये बांगलादेशाने सुचवलेल्या ‘ओनिल’पासून यादी सुरू झाली. अम्फान हे त्या ६४ नावांतले शेवटचे. दरम्यान २०१८ मध्ये इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन हे पाच देश नामकरणात सामील झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये तेरा देशांची प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. या तेरांपैकी नऊ देश मुस्लिमबहुल आहेत: बांगलादेश, इराण, मालदीव, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, अमिराती आणि येमेन. नाव छोटे व उच्चारायला सोपे असावे, त्यात राजकारण नसावे, कोणाच्या धर्माला किंवा संस्कृतीला ते बोचू नये, आणि एकदा वापरलेले नाव पुन्हा वापरू नये, असे नियम आहेत. बांगलादेशाचे ‘निसर्ग’ जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर भारताचे ‘गती’, इराणचे ‘निवार’ अशी यादी देशांच्या इंग्रजी वर्णक्रमाने पुढे सरकत गेली. येमेनने आपल्या जुन्या कॉफीच्या बंदराचे, ‘मोखा’चे नाव दिले. ओमानच्या ‘रेमाल’चा अर्थ वाळू.

या यादीच्या तारखांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सौदी अरेबिया आणि इराण यांचे राजनैतिक संबंध जानेवारी २०१६ मध्ये तुटले होते आणि ते पुन्हा जोडण्याचा समझोता मार्च २०२३ मध्ये झाला. सौदी अरेबिया आणि अमिराती यांनी जून २०१७ पासून जानेवारी २०२१ पर्यंत कतारची नाकेबंदी केली होती. येमेनमध्ये तर घरातच युद्ध पेटलेले होते आणि सौदी अरेबिया त्यात उतरलेला होता. नेमक्या याच काळात या पाचही देशांचे हवामानतज्ज्ञ एकाच यादीवर नावे लिहीत होते. हे तज्ज्ञ राजकारण सोडवू शकत नाहीत, आणि त्यांच्या कामाने एकही युद्ध थांबलेले नाही. पण भांडणे चालू असतानाही इशारा थांबू द्यायचा नाही एवढे त्यांनी पाळले आणि त्याने माणसे वाचली. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छकडे सरकू लागले, तेव्हा सीमेच्या अलीकडे गुजरातने एक लाखाच्या आसपास आणि पलीकडे सिंधनेही हजारो लोक किनाऱ्यावरून हलवले.

सोलापूरला सर्वांत जास्त रडवलेल्या पावसाला मात्र नाव नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी ६२-६३ किलोमीटरच्या पुढे गेला तरच वादळाला नाव मिळते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली प्रणाली तीव्र कमी दाबाचीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्यावर कोसळली. उजनीतून मोठा विसर्ग झाला, भीमेला पूर आला, पंढरपुरात घाटाची भिंत पडून माणसे गेली, आणि शेतात वापसा यायला इतके दिवस लागले की ज्वारीची पेरणी लांबली. नाव नसलेल्या संकटाची चर्चा लवकर विरते, असा माझा अनुभव आहे. नामकरणाच्या या पद्धतीची ती एक खरी मर्यादा आहे.

गुलाबचे मात्र वेगळे घडले. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, क्षीण होत मराठवाड्यावरून गेले, तेथे मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि मग त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले. नव्याने उठलेल्या वादळाला यादीतील पुढचे, कतारने दिलेले ‘शाहीन’ म्हणजे ससाणा हे नाव मिळाले. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तरेकडील बातिना किनाऱ्यावर आदळले. त्या भागाने असे वादळ १८९० नंतर पाहिले नव्हते.

दादींचा धाकटा मुलगा मस्कतला गोदामात कामाला आहे. त्या रविवारी संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा इकडे ऊन पडले होते, विड्यांचे सूप बाहेर अंगणात आले होते आणि नातू दादींच्या कानाशी फोन धरून उभा होता. आपल्या दारावरून गेलेला पाऊसच आता त्याच्या दारी पोहोचला आहे, हे नातवाने त्यांना समजावून सांगितले होते. दादी मोठ्याने एकच विचारत होत्या, “घर में पानी आया क्या रे?”