ऑब्जेक्ट मोकळे कोणी करायचे? ऑब्जेक्टडिस्पोझिंग इव्हेंटची पार्श्वभूमी

नागपुरातील पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि व्यापारी पेढ्या यांच्यासाठी २००५ नंतरच्या दशकात जी वेब ॲप्लिकेशन लिहिली गेली, त्यांपैकी बरीच एएसपी डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब तंत्रज्ञानातील वेब फॉर्म्स या पद्धतीवर उभी आहेत आणि आजही रोज सकाळी कार्यालय उघडताच सुरू होतात. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा धरमपेठेतल्या एखाद्या छोट्या फर्ममध्ये नव्याने रुजू झालेल्या डेव्हलपरच्या हाती असे जुने काम देखभालीसाठी येते, तेव्हा त्याला पानामागच्या कोडमध्ये, पानाला डेटा पुरवणाऱ्या ऑब्जेक्टडेटासोर्स या कंट्रोलच्या ऑब्जेक्टडिस्पोझिंग या इव्हेंटचा एक हँडलर, म्हणजे ती घटना घडताच चालणारा कोड, दिसतो. त्यात बहुधा एकच ओळ असते, कॅन्सल या प्रॉपर्टीला ट्रू हे मूल्य देणारी, आणि ती का लिहिली याची टिप्पणी शेजारी नसते. ओळ काढली तरी पान त्या दिवशी नीट चालते, आणि अडचण पुढे कधीतरी वेगळ्याच ठिकाणी उद्भवते. ही ओळ कोठून आली हे समजून घ्यायचे, तर ऑब्जेक्टची मालकी, म्हणजे ते मोकळे करण्याची जबाबदारी, कोणाकडे असते या जुन्या प्रश्नापर्यंत मागे जावे लागते.

मेमरी आपोआप परत मिळवण्याचे दोन मूळ मार्ग एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. ज्या वर्षी नागपुरात विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले, त्या १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरील शोधनिबंधात, प्रोग्रामला जेथपर्यंत पोहोचता येत नाही अशा मेमरीतील सर्व पेशी शोधून पुन्हा वापरात आणण्याची पद्धत मांडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक पेशीकडे किती संदर्भ रोखलेले आहेत ते मोजत राहण्याची पद्धत सुचवली. पहिल्या मार्गात आवराआवर केव्हा होईल हे आधी सांगता येत नाही. दुसऱ्या मार्गात शेवटचा संदर्भ सुटताक्षणी ती होते, पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत राहिली, तर बाहेरून कोणीही त्यांना विचारत नसतानाही त्यांची मोजणी शून्यावर येत नाही. वेळेची खात्री हवी की वर्तुळातून सुटका हवी, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या जगात १९९० च्या दशकात दुसरा मार्ग रुळला. १९९३ मध्ये आलेल्या कॉम या, प्रोग्रामांचे वेगवेगळे भाग जोडणाऱ्या, तंत्रज्ञानात प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या संदर्भांची मोजणी स्वतः ठेवत असे, आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये ही मोजणी भाषाच सांभाळत असल्यामुळे एखादे व्हेरिएबल नथिंग, म्हणजे रिकामे, केले की रेकॉर्डसेट, म्हणजे डेटाबेसमधून आणलेल्या नोंदींचा संच, तत्काळ बंद होई. १९९६ च्या अखेरीस आलेल्या जुन्या एएसपीची पाने याच सवयीवर लिहिली गेली. पानाच्या शेवटी रेकॉर्डसेट बंद करणे, कनेक्शन बंद करणे आणि दोन्ही व्हेरिएबल नथिंग करणे, अशा चार ओळी त्या काळच्या प्रत्येक पानावर आढळतात. त्या कंटाळवाण्या होत्या, पण कोणती वस्तू कोणी आणि केव्हा सोडली हे पान वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत असे. हा गुण पुढे हरवला, आणि प्रस्तुत विषयाचे मूळ त्या हरवण्यात आहे असे मला वाटते.

जुलै २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या नव्या व्यवस्थेची जाहीर ओळख करून देण्यात आली, तेव्हा मेमरी सांभाळण्याचे काम गार्बेज कलेक्टरकडे, म्हणजे वरच्या पहिल्या मार्गाने आवराआवर करणाऱ्या यंत्रणेकडे, गेलेले होते. व्हिज्युअल बेसिक आणि सी प्लस प्लस वापरणाऱ्यांचा मोठा आक्षेप असा होता, की ऑब्जेक्ट केव्हा नष्ट होईल याची निश्चिती आता राहिली नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रायन हॅरी यांनी रनटाइम, म्हणजे डॉटनेटचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, तयार करणाऱ्या संघाच्या बाजूने याचे दीर्घ स्पष्टीकरण लिहिले. संदर्भ मोजण्याची पद्धत आणि गार्बेज कलेक्टर यांचा मेळ घालण्याचे पर्याय संघाने गांभीर्याने तपासले होते, परंतु मोजणीचा वेगावर पडणारा भार आणि वर्तुळाकार संदर्भांचा न सुटणारा प्रश्न यांमुळे तो मार्ग सोडावा लागला, असा त्याचा आशय होता. तडजोड म्हणून जी व्यवस्था आली ती आयडिस्पोझेबल या इंटरफेसची. त्यात डिस्पोझ ही एकच मेथड असते. ज्या क्लासने मेमरीखेरीज आणखी काही धरून ठेवले आहे, म्हणजे फाइल, नेटवर्कवरचा सॉकेट किंवा डेटाबेसचे कनेक्शन, त्याने ही मेथड पुरवावी आणि ऑब्जेक्ट वापरणाऱ्याने काम संपताच ती बोलवावी, असा हा करार आहे. सी शार्पमध्ये त्यासाठी पहिल्या आवृत्तीपासून यूजिंग हे, कंसातले काम संपताच डिस्पोझ आपोआप बोलावणारे, विधान होते. व्हिज्युअल बेसिकच्या लेखकांना मात्र ते २००५ पर्यंत मिळाले नाही. नागपुरात व्हिज्युअल बेसिकवर वाढलेल्या पिढीने डॉटनेटच्या सुरुवातीच्या वर्षांत लिहिलेल्या कोडमध्ये डिस्पोझ वारंवार राहून गेलेले दिसते, त्यामागे हे एक साधे कारण आहे.

डिस्पोझ राहून गेले तर नेमके काय बिघडते? मेमरी अखेर परत मिळतेच, त्यामुळे पुष्कळांना हा प्रश्न पुस्तकी वाटतो. डेटाबेसच्या कनेक्शनपाशी मात्र तो पुस्तकी राहत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसशी जोडणारा डॉटनेटमधील प्रोव्हायडर कनेक्शन पुन्हा वापरता यावीत म्हणून त्यांचा साठा ठेवतो आणि वेगळे काही सांगितले नसेल, तर एका साठ्यात जास्तीत जास्त १०० कनेक्शन असतात. पान कनेक्शन उघडते, वापरते आणि बंद न करता सोडून देते, तेव्हा गार्बेज कलेक्टर त्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचेपर्यंत ते कनेक्शन साठ्यात परत येत नाही, आणि मेमरीचा तुटवडा नसेल तर कलेक्टरला तेथे जाण्याची घाईही नसते. सीताबर्डीवरच्या एखाद्या पतसंस्थेत दहा कारकून दिवसभर काम करतात तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. महाविद्यालयाच्या परीक्षा अर्जांची शेवटची तारीख असते आणि शेकडो विद्यार्थी एकाच दुपारी यादी उघडतात, तेव्हा साठा संपतो. पुढची विनंती मूळच्या मर्यादेप्रमाणे १५ सेकंद थांबते आणि साठ्यातून कनेक्शन मिळण्यापूर्वीच मुदत संपल्याची सूचना पडद्यावर येते. सर्व्हरवर प्रोसेसरचा भार कमी, डेटाबेस निवांत आणि तरीही ॲप्लिकेशन ठप्प, असे हे चित्र असते. बघणारा नेमका चुकीच्या ठिकाणी, म्हणजे डेटाबेसमध्ये, दोष शोधू लागतो.

२००२ मधील एएसपी डॉटनेटच्या पहिल्या आवृत्तीत यादी दाखवण्यासाठी डेटाग्रिड हा कंट्रोल होता आणि त्याला डेटा आणून देण्याचे काम पान स्वतः करी. ऑब्जेक्ट पानाने तयार केले, मेथड पानाने बोलावली, निकाल डेटाग्रिडला दिला आणि तो दाखवण्यासाठी डेटाबाइंड म्हटले. निर्मिती आणि आवराआवर दोन्ही एकाच हाती असल्यामुळे यूजिंगच्या कंसात सर्व काही बसत असे.

नोव्हेंबर २००५ मध्ये एएसपी डॉटनेटची दुसरी आवृत्ती आली आणि ही मांडणी बदलली. ग्रिडव्ह्यू, फॉर्मव्ह्यू, डिटेल्सव्ह्यू यांच्यासारखे दाखवणारे कंट्रोल आणि त्यांना डेटा पुरवणारे डेटासोर्स कंट्रोल अशी विभागणी झाली. त्यांतला ऑब्जेक्टडेटासोर्स हा, ज्यांना पानात एसक्यूएल लिहायचे नव्हते आणि व्यवसायाचे नियम स्वतंत्र क्लासमध्ये ठेवायचे होते, त्यांच्यासाठी होता. मार्कअपमध्ये टाइपनेममध्ये क्लासचे नाव आणि सिलेक्टमेथडमध्ये मेथडचे नाव लिहिले की उरलेले काम कंट्रोल करतो. ग्रिडला यादी हवी झाली, की ऑब्जेक्टडेटासोर्स रिफ्लेक्शनच्या, म्हणजे नावावरून क्लास शोधण्याच्या सोयीच्या, साहाय्याने त्या क्लासचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर वापरून ऑब्जेक्ट निर्माण करतो, मेथड चालवतो आणि ऑब्जेक्ट टाकून देतो. पानाच्या संपूर्ण आयुष्यभर तो ते जवळ ठेवत नाही. पुढे अपडेटमेथडची पाळी आली, तर तिच्यासाठी नवे ऑब्जेक्ट तयार होते. मांडणी सुटसुटीत होती, पण तिने एक गोष्ट पानाच्या हातून काढून घेतली. ज्या ऑब्जेक्टचा जन्म पानात होत नाही, त्यासाठी पानात यूजिंग लिहिणार तरी कोठे?

ती पोकळी भरण्यासाठी तीन इव्हेंट दिले गेले. ऑब्जेक्टक्रिएटिंग हा निर्मितीपूर्वी येतो आणि त्यात ऑब्जेक्टइन्स्टन्स या प्रॉपर्टीत आपण स्वतः तयार केलेले ऑब्जेक्ट ठेवता येते, ज्यामुळे कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर लागणारे क्लासही वापरता येतात. ऑब्जेक्टक्रिएटेड निर्मितीनंतर येतो. मेथडचे काम झाल्यावर, ऑब्जेक्ट सोडून देण्यापूर्वी, ऑब्जेक्टडिस्पोझिंग येतो. ऑब्जेक्ट आयडिस्पोझेबल असो वा नसो, हा इव्हेंट येतोच. त्यानंतर, ते आयडिस्पोझेबल असेल आणि हँडलरने कॅन्सल ट्रू केलेले नसेल, तर कंट्रोल डिस्पोझ बोलावतो. म्हणजे कॅन्सलमुळे रद्द होते ते फक्त डिस्पोझचे बोलावणे. सिलेक्टमेथड स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टविना चालणारी, असेल तर ऑब्जेक्टच तयार होत नाही, म्हणून या तिन्हींपैकी एकही इव्हेंट येत नाही. स्टॅटिक मेथडसाठी लिहिलेला डिस्पोझिंगचा हँडलर वर्षानुवर्षे कधीही न चालता कोडमध्ये पडून राहू शकतो.

ती एकाकी ओळ कोडमध्ये येण्याची तीन कारणे मुख्यतः दिसतात. निर्मितीला खर्चिक असलेले ऑब्जेक्ट कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, ठेवून ऑब्जेक्टक्रिएटिंगमध्ये पुन्हा पुरवायचे, आणि त्यासाठी ते डिस्पोझिंगमध्ये वाचवायचे, हे पहिले कारण. मला हा वापर बहुतेक ठिकाणी अयोग्य वाटतो, कारण कॅशमधले एकच ऑब्जेक्ट अनेक विनंत्यांच्या हाती एकाच वेळी पडते आणि कनेक्शन बाळगणारे क्लास अशा सामायिक वापरासाठी बांधलेले नसतात. कॅशमध्ये डेटा ठेवावा, डेटा आणणारे ऑब्जेक्ट ठेवू नये.

दुसरे कारण अवलंबित्वे पुरवणाऱ्या, म्हणजे क्लासला लागणारी ऑब्जेक्ट तयार करून देणाऱ्या, कंटेनरचे. ऑब्जेक्ट कॅसल विंडसरसारख्या कंटेनरकडून आले असेल, तर ते त्याच्याकडेच रिलीज म्हणून परत द्यायचे असते. मध्येच कंट्रोलने डिस्पोझ बोलावले, तर कंटेनरचा हिशेब चुकतो. येथे हँडलरमध्ये रिलीज आणि त्याखाली कॅन्सल अशा दोन ओळी असतात, आणि दुसरी ओळ अनावश्यक समजून काढून टाकणारा डेव्हलपर नकळत तो हिशेब मोडतो.

तिसरे कारण २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या डब्ल्यूसीएफ या, दूरच्या सेवांशी बोलण्यासाठीच्या, तंत्रज्ञानाशी निगडित आहे. त्याच्या क्लायंट क्लासना बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर असल्यामुळे त्यांचे नाव थेट टाइपनेममध्ये लिहिता येते. परंतु त्यांचे डिस्पोझ आतून क्लोज बोलावते, आणि सेवेशी बोलताना बिघाड होऊन संपर्काचे चॅनेल फॉल्टेड, म्हणजे बिघडलेल्या, अवस्थेत गेले असेल, तर क्लोज स्वतःच एक्सेप्शन फेकते. मूळ दोष त्याखाली झाकला जातो. म्हणून हँडलरमध्ये चॅनेलची अवस्था पाहून योग्य तेथे क्लोजऐवजी अबॉर्ट ही, संपर्क तडकाफडकी तोडणारी, मेथड बोलवायची आणि कंट्रोलला कॅन्सलने थांबवायचे, हा या इव्हेंटचा मला सर्वांत रास्त वाटणारा उपयोग आहे.

२००७ च्या नोव्हेंबरात डॉटनेट ३.५ बरोबर लिंक (LINQ) ही, भाषेतच डेटाची क्वेरी लिहिण्याची, सोय आली आणि नेमक्या उलट प्रकारची अडचण उभी राहिली. आतापर्यंत आवराआवर उशिरा होण्याची भीती होती, आता ती वेळेआधी होऊ लागली. लिंकची क्वेरी लिहिली तेव्हा चालत नाही, तिच्यातून पहिली ओळ मागितली जाते तेव्हा चालते. सिलेक्टमेथडने अशी न चाललेली क्वेरी परत केली, कंट्रोलने ऑब्जेक्टचे डिस्पोझ बोलावले, त्याने आपले डेटाकॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारे ऑब्जेक्ट, बंद केले आणि मग ग्रिडव्ह्यूने ओळी मागितल्या, की डिस्पोझनंतर डेटाकॉन्टेक्स्ट वापरल्याचा दोष येतो. त्या काळात अनेकांनी यावर तोडगा म्हणून डिस्पोझिंगमध्ये कॅन्सल ट्रू केले. दोष नाहीसा झाला, पण कॉन्टेक्स्ट मोकळे करणारे कोणीच उरले नाही. मेथडच्या आतच टूलिस्ट म्हणून यादी पूर्ण करून देणे हा उपाय होता आणि त्यात कंट्रोलच्या क्रमाला हात लावावा लागत नाही. जुन्या कोडमध्ये कॅन्सलची ओळ दिसली आणि सिलेक्टमेथड आयक्वेरिएबल, म्हणजे अशी न चाललेली क्वेरी, परत करत असेल, तर ती ओळ याच तोडग्याची असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

मायक्रोसॉफ्टने पुढच्या कंट्रोलमध्ये हाच आराखडा ठेवला. लिंकडेटासोर्स आणि ऑगस्ट २००८ मधील एंटिटीडेटासोर्स यांना कॉन्टेक्स्टक्रिएटिंग, कॉन्टेक्स्टक्रिएटेड आणि कॉन्टेक्स्टडिस्पोझिंग असे इव्हेंट आहेत. डॉटनेटच्या २०१२ मधील ४.५ आवृत्तीत मॉडेल बाइंडिंग आले आणि सिलेक्टमेथड थेट ग्रिडव्ह्यूवर लिहून पानातील मेथड वापरता येऊ लागली, म्हणजे डेटा आणण्याची जबाबदारी पुष्कळ अंशी पानाकडे परतली. २०१८ मधील ४.७.२ ने वेब फॉर्म्समध्ये कंटेनर जोडण्याची अधिकृत सोय दिली.

जून २०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉटनेट कोअरमध्ये वेब फॉर्म्स नाहीत, त्यामुळे ऑब्जेक्टडेटासोर्सही नाही. तेथे ऑब्जेक्टचे आयुष्य कंटेनरमधील नोंदणीच्या वेळीच ठरते, आणि स्कोप्ड, म्हणजे एका विनंतीपुरती, म्हणून नोंदलेली सेवा विनंती संपताच कंटेनर स्वतः मोकळी करतो. २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० बरोबर आयअसिंकडिस्पोझेबल आल्यावर ही आवराआवर असिंक्रोनस पद्धतीनेही होऊ लागली. मात्र जुने काम नव्या पायावर नेणाऱ्यांनी एक फरक नीट पाहावा. ऑब्जेक्टडेटासोर्स हा ऑब्जेक्टक्रिएटिंगमध्ये आपण हाती दिलेले ऑब्जेक्टही, कॅन्सल केले नाही तर, मोकळे करतो. कोअरचा कंटेनर केवळ स्वतः निर्माण केलेली ऑब्जेक्ट मोकळी करतो, आणि आधीच तयार करून नोंदवलेल्या ऑब्जेक्टला हात लावत नाही. परक्याच्या ऑब्जेक्टबाबत दोन्ही ठिकाणचा मूळ नियम असा उलट आहे. त्यामुळे ज्या पानांत ऑब्जेक्टक्रिएटिंगचा हँडलर आहे पण डिस्पोझिंगचा नाही, ती पाने आजवर कंट्रोलच्या भरवशावर होती. स्थलांतरानंतर त्यांची कनेक्शन साठ्यात परत पाठवणारे कोणी राहत नाही, म्हणून स्थलांतराच्या यादीत कॅन्सल लिहिलेल्या पानांच्याही आधी या पानांची नोंद व्हायला हवी.