नव्या गिऱ्हाइकाला ट्रॉलीभर सुबाभूळ आम्ही का देत नाही

मार्च संपता संपता गोठ्यातला कडबा तळाला लागतो आणि आमचा फोन वाजायला लागतो. "रोख पैसे देतो, उद्या एक ट्रॉली पाला टाका." गिऱ्हाईक नवं असेल तर आम्ही आधी दोन-चार भारेच देतो. त्यावरून बरेचजण रागावतात, एकदोघांनी तर आमचा माल कमी पडतोय असंही गावात सांगितलं. माल भरपूर आहे. अडचण तुमच्या शेळीच्या पोटात आहे, म्हणून हा कागद.

सुबाभळीचा पाला किती कसदार आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. वाळल्या वजनात प्रथिनं साधारण 20 ते 25 टक्के भरतात. पण त्याच पाल्यात मायमोसिन नावाचं विष असतं, कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत जरा जास्तच. केस गळतात ते यानं. कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जंतू मायमोसिन मोडतात खरे, पण त्यातून डीएचपी म्हणून दुसरा पदार्थ तयार होतो. तो गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम अडवतो. मग जनावर लाळ गाळतं, खाणं सोडतं, वाळत जातं.

हा डीएचपी मोडणारे जंतू वेगळे, आणि ते सगळ्याच जनावरांत पुरेसे नसतात. ऑस्ट्रेलियात गुरांना सुबाभूळ बाधायची आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच खुशाल खायच्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात हवाईच्या शेळीच्या कोठीपोटातले जंतू ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथल्या जनावरांना सुबाभूळ पचू लागली. 1992 मध्ये त्या जंतूचं बारसं झालं, नाव सिनर्जिस्टिस जोन्साय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात या जंतूंचं द्रावण तयार करून गुरांना पाजतात. कळपातल्या थोड्या जनावरांना पाजलं तरी पुरतं, बाकीच्यांत जंतू आपसूक पसरतात.

आता मुद्द्याचं. हा जंतू साखर खात नाही. त्याचं पोट डीएचपीवर आणि एकदोन अमिनो आम्लांवर चालतं. म्हणजे जनावराला सुबाभूळ मिळत नसेल तर त्याची संख्या रोडावते. चार महिने कडब्यावर काढलेल्या शेळीपुढे एका सकाळी पोटभर पाला टाकलात, तर विष आजच पोटात जातं आणि ते मोडणारे जंतू वाढायला काही आठवडे लागतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा हेच निघतं. मागच्या उन्हाळ्यात एकजण उस्मानाबादी शेळी पिकअपमध्ये घालून घेऊन आले. पाठीवर हात फिरवला तर केसांचा पुंजका मुठीत आला, खालची कातडी गुळगुळीत. बाजारातून आणल्या दिवसापासून तिला दुसरं काहीच घातलं नव्हतं. सुबाभूळ बंद केली, महिन्याभरात लव फुटली.

म्हणून सुरुवात मोठ्या शेळीला दिवसाला अर्ध्या किलोनं करा. दर आठवड्याला थोडं वाढवत चौथ्या आठवड्यात दीड किलोपर्यंत न्या. तिथेच थांबा. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सुबाभूळ नको, बाकी कडबा, वाळलं गवत, जे असेल ते. मध्ये महिना-दोन महिने खंड पडला तर पुन्हा अर्ध्या किलोपासून.

"पाला सुकवून घातला तर?" सुकवताना मायमोसिन कमी होतं, पण पाल्यातलाच एक एन्झाइम त्याचं डीएचपी करतो, म्हणजे निम्मं काम राहतंच. आयोडीनचं मीठ चाटवूनही भागत नाही. आयोडीन पोचतं, पण डीएचपीमुळे ग्रंथीला ते वापरता येत नाही. गाभण शेळीला महिन्या-दोन महिन्यांत व्यायची असेल तर नव्यानं सुबाभूळ सुरूच करू नका. घोडा, गाढव आणि ससा यांना कोठीपोटच नाही, त्यांच्यासाठी पाला मागू नका. घोड्याच्या आयाळीचे केस झडलेले आम्ही पाहिलेत.

(ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे कोठीपोटातले जंतूच सायनाइड झपाट्यानं सुटं करतात, सवय लागण्याचा प्रश्नच नाही. ते जनावर थेट डॉक्टरकडे.)

आमच्या गोठ्यातल्या शेळ्या वर्षभर सुबाभळीवर असतात. त्यातली एखादी विकत नेऊन आपल्या कळपात सोडलीत, एकाच हौदावर पाणी पाजलंत, तर जंतू पसरायला मदत होते. लसीकरण झालेलीच शेळी देतो. मात्र पंधरा दिवस ती वेगळी बांधा, मगच मिसळा.

पहिले चार आठवडे लहान भारे ट्रॉलीच्याच भावानं देतो, फेरीचे पैसे वेगळे घेत नाही. पाचव्या आठवड्यात ट्रॉली सांगा, त्याच दिवशी टाकू.