दोघं एकाच पार्टीचे, दोघांची पत्रकं सेम. मग मत कुणाला?

आपल्याकडे कसं, तिकीट पार्टी देते, एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला ते शेवटच्या दिवशी कळतं आणि मग नाराज, बंडखोर, अपक्ष हा सगळा तमाशा. कॅलिफोर्नियात पार्टीच्या हातात तो फॉर्मच नाही. 2010 ला इथल्या लोकांनी प्रपोझिशन 14 पास केलं, 2012 पासून ते लागू झालं, म्हणजे असेंब्लीच्या (राज्याच्या विधानसभेच्या) प्रायमरीत, पहिल्या फेरीत, सगळ्या पार्ट्यांचे उमेदवार एकाच यादीत, तुम्ही कुठल्याही पार्टीचे असा नाहीतर नसा, आणि पहिले दोन नोव्हेंबरात परत समोरासमोर. ते दोघं एकाच पार्टीचे निघाले तरी चालतं.

2024 ला आमच्या असेंब्लीच्या 26 नंबरच्या मतदारसंघात (सनीवेल, कुपर्टिनो, सँटा क्लारा, थोडं सॅन होजे) हेच झालं. इथले आमदार इव्हन लो अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे तिकडच्या काँग्रेसला, उभे राहिले, जागा रिकामी झाली. उमेदवार आणखीही होते, पण आमच्या घरी गाडी अडली ती पॅट्रिक अहरन्स आणि तारा श्रीकृष्णन या दोन नावांवर. दोघं डेमोक्रॅट, दोघं आमदाराच्या ऑफिसात काम केलेले, दोघं शिक्षणाच्या बोर्डावर निवडून आलेले. किचनच्या टेबलावर पत्रकं शेजारी ठेवली आणि नावं झाकली तर कोणतं कुणाचं ते मला तरी सांगता आलं नसतं.

म्हणून म्हटलं, बोलतात काय ते सोडू, बसलेत कुठे ते बघू.

अहरन्स तेव्हा फूटहिल-डी अँझा कॉलेज डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर. म्हणजे दोन कम्युनिटी कॉलेजं, त्यांचं बजेट, स्टाफचे पगार, बिल्डिंगा. श्रीकृष्णन काउंटी (जिल्हा) बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, आणि इथेच लोक गल्लत करतात, कारण हे आपल्या मुलाच्या शाळेचं बोर्ड नव्हे. लोकल बोर्डानं चार्टर शाळेला (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) नाही म्हटलं, पोराला शाळेतून काढलं, दुसऱ्या शाळा-डिस्ट्रिक्टात बदली नाकारली, की अपील इथे येतं. एकाकडे कारभार, दुसऱ्याकडे बरंचसं निवाड्याचं काम. नोकऱ्याही तशाच: अहरन्स हे आमदार लो यांचे डिस्ट्रिक्ट डायरेक्टर, म्हणजे मतदारसंघातलं ऑफिस, लोकांच्या तक्रारी, अडकलेली कामं. श्रीकृष्णन राज्याच्या सिनेटमधले (वरच्या सभागृहातले) डेव्ह कोर्टेझी यांच्या ऑफिसात डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ. लो यांचा पाठिंबा अर्थातच अहरन्सना होता, आणि माझ्या मते अशा पाठिंब्याला फार वजन देऊ नये, साहेब आपल्याच माणसाला नाव देणार ना.

बॅलटवर नावाखाली धंदा-व्यवसाय लिहायला साधारण तीनच शब्द मिळतात. पार्टी सारखीच असली की घाईतला माणूस त्या तीन शब्दांवरच मत देतो. पत्रकाचं मात्र मागचं पान वाचायचं, तिथे बारीक अक्षरात पैसा कुणाचा ते छापलेलं असतं. उमेदवाराचं स्वतःचं पत्रक वेगळं आणि बाहेरच्या कमिटीनं त्याच्यासाठी (किंवा समोरच्याविरुद्ध) काढलेलं वेगळं, ते दुसरं त्याच्या तोंडी घालू नका.

एका मतानं काय होतंय असं म्हणणाऱ्यांसाठी, मार्चातल्या त्याच प्रायमरीत शेजारच्या काँग्रेसच्या सीटवर लो आणि जो सिमिटियन यांना दुसऱ्या नंबरसाठी बरोब्बर 30,249 मतं पडली, दोघांनाही! रिकाउंट झाला, लो पाच मतांनी पुढे. पाच म्हणजे आमच्या जिन्यातली माणसं, त्यातही निम्मे अजून ग्रीन कार्डच्या लायनीत.

आमच्या घरात बायकोनं एका नावापुढचा गोळा भरला, मी दुसऱ्या, आणि दोन्ही लिफाफे लायब्ररीबाहेरच्या पेटीत एकदमच टाकून आलो. अहरन्स आणि श्रीकृष्णन दोघंही पुढं गेले, त्यामुळे नोव्हेंबरात परत तेच टेबल, तीच पत्रकं, तोच वाद. निवडून अहरन्स आले. कुणाचा गोळा लागला ते विचारू नका.