ठुमरीच्या मैफलीसाठी तबला-तानपुरा भाड्याने नेताना

ठुमरी-दादऱ्याच्या मैफलीसाठी वाद्यांची मागणी नोंदवताना आम्ही दोन स्वर विचारतो: गायिकेचा नेहमीचा षड्ज (सा) आणि ठुमरीसाठी तबला ज्या स्वरात हवा तो. "बाईंची काळी चार आहे (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा सा आहे), एवढे पुरे नाही का?" असे बहुतेक ग्राहक आम्हालाच विचारतात. ख्यालाच्या मैफलीला तेवढे पुरते. ठुमरीला ते पुरेलच असे नाही, आणि हा दुसरा स्वर न विचारल्यामुळेच मैफली खोळंबतात.

पिलू, पहाडी, भैरवी यांसारख्या रागांतली ठुमरी किंवा दादरा अनेक कलाकार मध्यमाला (म) षड्ज मानून गातात. काळी चारमध्ये ख्याल गाणाऱ्या गायिकेचा मध्यम म्हणजे काळी एक, आणि ठुमरीपुरता तोच तिचा षड्ज होतो. या नव्या षड्जाचा पंचम (प) म्हणजे तिचा नेहमीचाच तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) असल्याने गळ्याला ओळखीच्या जागा सापडतात. पंचाईत होते ती तबल्याची. काळी चारसाठी आम्ही मोठ्या तोंडाचा, ढाल्या (खालच्या) स्वराचा तबला देतो. तो काळी एकपर्यंत चढवायचा म्हणजे पाच अर्धस्वरांची मजल झाली, आणि कोणताही तबला आपल्या मूळ स्वरापासून अर्ध्या, फार तर एका स्वराने वर-खाली सुखाने राहतो. तरीही श्रोते येऊन बसलेले असताना तबल्याच्या बाजूचे लाकडी गट्टे ठोकले जातात, वादी (चामड्याची पट्टी) ताणली जाते, आणि ओढून आणलेला स्वर पहिल्या दहा मिनिटांतच उतरतो किंवा पुडी (तबल्यावरचे कातडे) चाटेपाशी, म्हणजे कडेच्या पट्टीपाशी फाटते. फाटलेल्या पुडीचे पैसे आम्ही अनामतीतून कापतो, याबद्दल काही ग्राहकांची नाराजी आहे. परंतु पुडी बदलून, शाई (मधला काळा लेप) जुळवून तबला पुन्हा स्वरात स्थिरावेपर्यंत तो दुसऱ्या कोणालाही देता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

काही कलाकार तबला मूळ षड्जावरच ठेवतात, कारण तो स्वर नव्या षड्जाचा पंचम ठरतो आणि साथ बेसूर होत नाही. हा निर्णय सर्वस्वी कलाकाराचा आहे. संयोजकाने तो गृहीत धरू नये, आणि आम्हीही धरत नाही.

बोलबनावाच्या, म्हणजे शब्द सावकाश भावाने खुलवत गायच्या ठुमरीत हा मुद्दा अधिकच जाणवतो. दीपचंदी तालाच्या चौदा किंवा जत तालाच्या सोळा मात्रांत बोल सावकाश खुलवून झाले की शेवटी तबलजी केरवा तालाच्या अंगाने लग्गी (जलद, खेळकर वादन) सुरू करतो. ओढाताण केलेल्या तबल्याची चाट तिथे कोरडी, टणटणीत वाजते आणि ऐन रंगात आलेली लग्गी फिकी पडते. डग्ग्याची (डाव्या हाताच्या वाद्याची) घुमारीही याच ठिकाणी कसाला लागते, म्हणून ठुमरीसाठी आम्ही डग्गा वेगळा निवडून देतो. त्याचे जादा भाडे नाही.

तानपुऱ्याचे काम तुलनेने सोपे आहे. मधल्या जोडीच्या तारा मूळ षड्जावरच ठेवून पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात. मात्र तार उतरवल्यावर घोडीवरचा दोरा पुन्हा सरकवून जवारी (तारेचा गुंजारव) जमवावी लागते, आणि सवय नसलेल्या हाताने ती हमखास बिघडते. आधी कळवल्यास आमच्याकडचा मिरजेचा तानपुरा त्याच मेळात लावून, जवारी काढून मिळेल. पेटीची काळजी करू नये. हार्मोनियमवादक भैय्या गणपतरावांनी ठुमरीच्या साथीत रुजवलेल्या या वाद्यावर वादक पट्टी बदलून कोणत्याही स्वरात वाजवू शकतो.

त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी कलाकाराला किंवा तबलजीला "ठुमरी मध्यमातून गाणार का, आणि तबला कोणत्या स्वरात हवा?" एवढे विचारून घ्यावे. उत्तर मिळत नसेल, किंवा ख्यालानंतर शेवटी एखादी भैरवी होण्याची शक्यता असेल, तर दोन तबले न्यावेत. दुसऱ्याचे भाडे आम्ही निम्मेच घेतो, आणि तो वाजला नाही तर तेही घेत नाही. स्वर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावेत, कारण स्वरात लावलेल्या तबल्याला रात्रभर बसू द्यावे लागते.