जनरेटर चालू होत नाही? फोन करण्याआधी एवढं बघा
(व्हॅनिटी व्हॅन, कॅरॅव्हॅन आणि मोटरहोम मालक-चालकांसाठी)

मागच्या पावसाळ्यात कापूरबावडीहून आमचा मेकॅनिक गायमुख घाटाच्या ट्रॅफिकमधून काशिमीऱ्याला पोचला. व्हॅनिटीचा जेनसेट, म्हणजे जनरेटर, 'मेला' होता. त्याने पॅनेलवरचं दाबलेलं लाल इमर्जन्सी बटण फिरवून बाहेर काढलं आणि सेट चालू झाला. व्हिजिटचे पैसे घेताना आम्हालाच कसंतरी वाटलं. म्हणून हे पत्रक.

सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं, तिथून सुरुवात करा.

काहीच आवाज नाही, पॅनेलचा दिवाही नाही: लाल बटण आणि फ्यूज बघा. नुसतं 'टक्' होऊन गप्प होत असेल तर संशय बॅटरीवर. १२ व्होल्टची चांगली चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ दाखवते; सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी थकली आहे, नाहीतर टर्मिनलला हिरवट-पांढरा थर चढला आहे. खाडीकाठी गाड्या उभ्या राहतात, तिथे हा थर लवकर चढतो. चासीला जोडलेली अर्थिंगची वायरही बघा. ती बहुतेक सगळे विसरतात.

सेल्फ दणदणीत फिरतो, पण सेट पकडत नाही: आधी गाडीचा डिझेल काटा बघा. पाव टाकीच्या खाली असेल तर बहुधा कारण सापडलं! गाडीच्याच टाकीतून डिझेल घेणाऱ्या जनरेटरचा पाइप मुद्दाम वर ठेवलेला असतो, म्हणजे रात्रभर एसी चालवून सकाळी गाडी रस्त्यात अडकू नये. चढावर उभ्या गाडीत डिझेल एका बाजूला जातं, मग काटा पावच्या थोडा वर असला तरी सेट उपाशी राहतो. येऊरच्या रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डिझेल भरल्यावरही सेट लगेच पकडेलच असं नाही, कारण लाइनमध्ये हवा धरलेली असते. डिझेल लाइनवरचा हॅन्डपंप कडक होईपर्यंत मारा. काही मॉडेलमध्ये त्यासाठी स्टॉपचं बटण दाबून धरायचं असतं. तुमच्या सेटचं पुस्तक बघा. फिल्टरच्या तळाशी पाणी दिसलं तर ते आधी काढून टाका.

पेट्रोलचा सेट महिनोन् महिने बंद असेल तर कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही ओढून घेतं. हे काम आमच्याकडे आणा, घरी खोलू नका.

चालू होऊन काही सेकंदांत बंद पडतो: ऑइल बघा. कमी ऑइलला सेन्सर सेट बंद करतो, आणि बरंच करतो. सपाटीवर, सेट बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. खुणेच्या वर भरू नका.

सेट चालू आहे पण आत लाइट नाही, तर ती तक्रारच वेगळी. एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडलाय का आणि चेंजओव्हर (बाहेरची लाइन की जनरेटर, ते निवडायचा स्विच) बाहेरच्या लाइनवरच राहिलाय का, ते बघा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. तीनदा नाही झालं तर सोडून द्या. जळालेली सेल्फ मोटर डिझेलपेक्षा फार महाग पडते. आणि गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर एकदाही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सायलेन्सरचं तोंड भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीच्या खिडकीकडे ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद शेडमध्ये सेट चालवून आत झोपणं तर अजिबात नको.

शूटिंग किंवा ट्रिप नसली तरी महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर, सेट चालवा. नुसता रिकामा चालवून उपयोग नाही, एसी लावाच.

एवढं करूनही नाही जमलं तर फोन करा. सेटच्या नाव-नंबरच्या प्लेटचा आणि अवर मीटरचा (सेट किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो पाठवा, पॅनेलचा दिवा किती वेळा लुकलुकतोय ते मोजून सांगा, आणि गाडी कोणत्या गेटजवळ आहे तेही. घोडबंदर रोडला यू-टर्न फार लांब असतात.