मोह, जोखीम आणि मेंदू : यात ‘रसायन’ आलं कुठून?

पंधरा तरुण, एक स्कॅनर आणि एका डॉलरचा जुगार. ‘मादक चित्र पाहिलं की मेंदूतल्या रसायनामुळे पुरुष पैशाची जोखीम घेतो’ या गाजलेल्या वाक्यामागे मुख्यतः एवढंच भांडवल होतं. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातला हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. आधी चित्र दाखवायचं : कधी प्रणयमग्न जोडपं, कधी साप किंवा कोळी, कधी स्टेपलरसारखी निरुपद्रवी वस्तू. मग डाव लावायचा, डॉलरचा किंवा दहा सेंटचा. जिंकण्या-हरण्याची शक्यता दोन्हींत सारखीच. प्रणयचित्रानंतर मोठ्या डावाकडे कल वाढला आणि त्याच्या आधी मेंदूतला न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स हा छोटासा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला.

स्त्रिया प्रयोगात नव्हत्याच. म्हणजे ‘पुरुषांमध्ये’ हा त्यातला निष्कर्ष नव्हता, ती आधीच केलेली निवड होती. बातम्यांनी तो निष्कर्ष करून टाकला.

खरा घोळ ‘रसायन’ या शब्दाचा. असा स्कॅनर रसायन मोजत नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार टिपतो, त्यावरून पेशींच्या कामाचा अंदाज बांधायचा. न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्सला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा पुरवठा होतो, म्हणून डोपामिनचं नाव पुढे आलं. अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज. त्यात डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची सवय. ती १९५४च्या माँट्रियलमधल्या उंदरांपासूनची. मेंदूत विजेचा हलका झटका मिळावा म्हणून ते दांडी दाबतच राहिले, आणि ‘सुखाचं केंद्र’ सापडलं अशी समजूत रुजली. नव्वदच्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांनी ती हलवली. रसाचा थेंब कधी मिळणार हे माकडाच्या सवयीचं झालं की डोपामिनच्या पेशी थेंबाला दाद देईनाशा होतात; त्याची चाहूल देणारी खूण दिसताच मात्र उसळतात. हे सुखापेक्षा आशेच्या जवळचं. हाव म्हटलं तरी चालेल. चित्राची चाहूल डावाच्या हिशेबात कशी मिसळते, हे मला तरी यातूनच पटतं.

त्याच २००८मध्ये लंडनच्या १७ पुरुष ट्रेडरांची लाळ तपासली गेली. सकाळी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त असलेल्या दिवशी नफाही जास्त, असं दिसलं. इथे निदान संप्रेरक प्रत्यक्ष मोजलं होतं. पण कामवासनेचा त्यात संबंध नव्हता, आणि सतरा म्हणजे सतराच.

भक्कम पुरावा शेअर बाजाराबाहेर, दवाखान्यात सापडला. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांना डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. काही रुग्ण जुगाराच्या नादी लागले, काहींची कामेच्छा अनावर झाली, काहींचं दोन्ही. तीन हजारांवर रुग्णांच्या २०१०मधल्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना अशी एखादी अनावर सवय जडलेली होती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास. त्यात खरेदीचं आणि खाण्याचं वेडही मोजलं होतं. कामेच्छेचा अतिरेक पुरुषांत अधिक, खरेदीचं वेड स्त्रियांत अधिक. डोस कमी केला की यातल्या अनेकांची सवय ओसरते.